ओढ्यानं आणलेली शेंग

खोलीतलं सारवण अर्धं झालं होतं. चुलीकडची बाजू ओली, हिरवट काळी दिसत होती आणि दाराकडची अजून कोरडी, पोपडे धरलेली होती. मधोमध उकिडवी बसून फहमिदानं शेणाच्या बादलीत पुन्हा हात घातला आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की आज किल्ली न्यायला कुणीच आलेलं नाही.

शाळेची किल्ली तिच्या दाराच्या खिळ्याला असायची. रोज सकाळी दोघी-तिघी पोरी यायच्या, किल्ली काढायच्या, शाळा झाडून माठ भरून ठेवायच्या. सगळ्यांत पुढे चौथीतली तुळजा. "बाई, तुमी निवांत या," असं मोठ्या माणसासारखं सांगून ती पळायची. आज ऊन पडवीच्या पायरीवर आलं तरी किल्ली खिळ्याला तशीच लोंबत होती.

दारात घरमालकीण रत्नाबाई येऊन उभी राहिली. ताम्हिणीजवळच्या त्या वरल्या वाडीत फहमिदा रत्नाबाईच्याच घराची एक खोली घेऊन राहत असे. रत्नाबाई रोज बोलत आत यायची, ती आज उंबऱ्याबाहेरच थांबली.

"रत्नाबाई, पोरी दिसल्या का हो?"

"न्हाई यायच्या."

"का? कुणाकडं लग्न-बिग्न आहे?"

"भात पिकायला आलंय, आता लगीन कोन काढंल? बाई, तुमाला सांगावं कसं... ती शेंग."

"कुठली शेंग?"

"गारंबीची. तुमी शाळंत भिताडाला टांगलीया ती. आन तिच्या बिया पोरांस्नी वाटल्यासा. साळूबाईनं काल सांजच्याला घरोघर जाऊन सांगितलं, का देवीची वस्तू हाय, ती हाय तवर पोर शाळंत घालायचं न्हाई."

फहमिदाचा हात बादलीतच राहिला.

फहमिदाचं माहेर पिरंगुटचं. वडील अलाउद्दीन बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायचे. "सुई माझ्यापर्यंतच, तू खडू धर," असं म्हणून त्यांनी लेकीला पुण्याला पाठवून डी.एड. करवलं होतं. पौडच्या शब्बीरशी लग्न झालं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पहिली नेमणूक भुकूमला झाली, ती घरापासून सोयीची होती. मग बदली निघाली ती एकदम वर, घाटमाथ्यावर. तिच्या आधीचे गुरुजी एक पावसाळा काढून ओळखीपाळखीनं खाली उतरले होते. तिनंही उतरावं असं सगळ्यांना वाटत होतं. पहिल्या पावसाळ्यात तर तिलाही वाटलं होतं, की इथं आपण कुजून जाऊ. धुतलेलं लुगडं वाळायचं नाव घेत नसे. खडू इतके ओलसर व्हायचे, की फळ्यावर उमटायचे नाहीत. ती रात्री खडूचा खोका चुलीच्या कडेला ठेवून झोपायची.

पण ती राहिली. पटावर पोरींची नावं होती आणि वर्गात पोरी नव्हत्या, हे तिला सहन होईना. आवणीच्या दिवसांत ती पदर खोचून बायकांबरोबर चिखलात उतरली, रोपं लावता लावता बोलत राहिली. सगळ्यांत कडक होती साळूबाई. "शिकून पोरगी जायाची कुटं? म्हशीमागंच ना?" असं ती तोंडावर म्हणायची. पण साळूबाईची नजर बारीक. ही मुसलमानाची बाई देवराईच्या शिवेवर आली, की आपण होऊन चपला काढते, पाणवठ्यावर आपला नंबर येईपर्यंत थांबते, पहाटे उठून आपली नमाज चुकवत नाही, हे सगळं तिनं पाहून ठेवलं होतं. एका जूनमध्ये ती नातीचा, तुळजाचा, हात धरून शाळेत आली आणि म्हणाली, "घ्या. आईबाप खाली पिरंगुटाला कामाला गेल्यात. ही माज्याकडं हाय." मग तिच्यामागून बाकीच्या आल्या.

आता तुळजा चौथीत होती. वाडीत पुढचा वर्ग नव्हता. पाचवीला तिला पौडला घालायचं आणि फहमिदाच्या घरी, सासूबाईंजवळ ठेवायचं, असं बोलणं उन्हाळ्यात झालं होतं. साळूबाई "बघू" म्हणाली होती, आणि साळूबाईचं बघू म्हणजे अर्धा होकार असतो, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं.

या सगळ्यात शेंग आली ती शिबिरामुळं.

साल ब्याऐंशी, काही आठवड्यांपूर्वीचीच गोष्ट. पावसाळा सरत आला होता. तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी वन अभ्यासाचं शिबिर निघालं आणि ठिकाण ठरलं ताम्हिणीचं जंगल. परिसर अभ्यास शिकवायचा तर शिक्षकानं आधी परिसर पाहिला पाहिजे, असं वरून आलं होतं. शिक्षक मंडळी कुरकुरतच जमली. शिकवायला पुण्याच्या कॉलेजातल्या लीलाबाई आल्या होत्या. सडपातळ, कॅनव्हासचे बूट घातलेल्या, आवाज मात्र खणखणीत.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना दाट झाडीत नेऊन उभं केलं आणि विचारलं, "सदाहरित वनं कुठं आढळतात?"

पिरंगुटकडचे जयसिंग मास्तर मागून म्हणाले, "बाई, भूगोलाच्या पुस्तकात. दुसऱ्या सत्रात."

सगळे हसले. लीलाबाईही हसल्या. "मग मास्तर, ही तुमच्या डोक्यावर सावली पडलीय ती कुठल्या पानावरची?"

फहमिदाला मात्र हसू आलं नाही. सदाहरित वने केरळ व आसामात आढळतात, हे वाक्य तिनं दर वर्षी फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतलं होतं. आणि शाळेच्या खिडकीतून दिसायचं ते हेच रान.

लीलाबाईंची रीत वेगळी होती. त्या आधी काही सांगायच्याच नाहीत. प्रत्येकानं एक झाड निवडायचं, त्याच्या बुंध्याशी गप्प बसायचं, दिसेल ते बघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झाडाशी. वयानं मोठे असलेले हैबतराव हेडमास्तर पहिल्या दिवशी पायावरच्या जळवा काढत म्हणाले, "नोकरीला लावताना साहेबानं जळवांचं काही सांगितलं नव्हतं हो." दुसऱ्या दिवशी तेच हैबतराव एका पानाचं लांब टोक बोटावर धरून सगळ्यांना दाखवत फिरत होते, की बघा, पाणी निथळायला झाडानं कशी पन्हळ काढलीय. फहमिदानं कुंभ्याचं झाड धरलं होतं. वर पाऊस सुरू झाला तरी खाली थेंब यायला किती वेळ लागतो, पाचोळा हातानं उकरला की खाली ओल कशी असते आणि त्यात केवढी वस्ती असते, हे ती पहिल्यांदाच बघत होती. इतकी वर्षं या रानाच्या कडेनं जाऊन येऊन, ते आपण नुसतं ओलांडलं, असं तिच्या मनात आलं.

शेवटी शेवटी देवराई पाहायची होती. फहमिदाच्याच वाडीची देवराई. तिथं देवीची पूजाअर्चा बघणारा गेणबा वाट बघत उभा होता. शेंदूर लावलेल्या शिवेच्या दगडांपाशी त्यानं सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या आणि सांगितलं, "आत काय बी बघा. आतलं भायेर आणायचं न्हाई. काडी न्हाई, पान न्हाई."

लीलाबाईंनी ते शब्दाला शब्द पाळलं. बाहेर पडताना त्यांनी प्रत्येकाची पिशवी स्वतः झाडून घेतली. आत गारंबीचा वेल होता. माणसाच्या मांडीएवढा जाड, पीळ पडलेला, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. वर उंच दोन-दोन हात लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. जयसिंग मास्तर मान वर करून म्हणाले, "एका शेंगेची भाजी केली तर लग्नाची पंगत उठेल."

निघताना लीलाबाईंनी एकच मागणी केली. "आपल्या गावातली एखादी वस्तू हातात घेतल्याशिवाय परिसराचा धडा सुरू करायचा नाही. एवढं करा, माझं शिबिर पावलं."

ते वाक्य फहमिदाच्या मनात बसलं. शिबिर संपवून वाडीकडे परत येताना, शिवेच्या दगडांपासून बऱ्याच खालच्या अंगाला, ओढ्याच्या उतारावर तिला ती शेंग दिसली. पुराच्या पाण्यानं आणून दोन धोंड्यांमध्ये अडकवलेली. तिनं मागं वळून पाहिलं. शिवेचे दगड कुठल्या कुठं राहिले होते. आपण आतून काही आणत नाही, हे वाटेत पडलेलं आहे, असा तिनं सरळ हिशेब केला, शेंग उचलली आणि पदराखाली धरून घरी आणली.

त्या आठवड्यात तिनं जो धडा घेतला तसा आधी कधी घेतला नव्हता. पोरांनी शेंग हातांनी मोजली. एकेक पेर तोडून आतली बी बाहेर काढली. तळहातात जेमतेम मावेल एवढी, चपटी, तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत. बी पाण्यात टाकून पाहिली तर ती तरंगली. तुळजा एकदम म्हणाली, "बाई, म्हंजी ही पान्यावरनं दुसऱ्या गावाला जाती!" फहमिदाला इतका आनंद झाला, की तिनं बिया पोरांमध्ये वाटून टाकल्या. एक आपल्या पिशवीत घातली. शनिवारी पौडला गेली तेव्हा घरी दाखवायला म्हणून नेली, आणि ती सासूबाई रहिमतबींना इतकी आवडली, की त्यांनी ठेवून घेतली. पेरं निघाल्यावर शेंगेच्या कडांची जी रिकामी चौकट उरली, ती तिनं शाळेच्या भिंतीवर टांगली.

तुळजानं आपली बी भाताच्या कणगीत लपवली होती. ती आजीला सापडली. त्याच दोन दिवसांत साळूबाईची गाय आटली. एवढं पुरे झालं.

फहमिदानं हात धुतले. आधी शाळेत जाऊन कुलूप काढलं, घंटा दिली, रिकाम्या वर्गात दार उघडं ठेवून बसली. घंटा ऐकून नुसतं एक कुत्रं आलं. मग भिंतीवरची चौकट काढून ती साळूबाईच्या घरी गेली.

साळूबाई अंगणात भाताची उडवी रचायची जागा चोपत होती. हातातलं चोपणं थांबलं नाही.

"साळूबाई, माझं काही चुकलं असेल तर सांगा."

"आसंल? चुकलंच हाय. दुसरा मास्तर आसता तर म्या बोलले बी नसते. त्याला काय ठावं? तुमी तर आमच्यातल्या झाला हुता."

"पण मी शिवेच्या आतून काडीसुद्धा आणली नाही हो. ही उतारावर सापडली."

"उतार कुनाचा?"

फहमिदानं घराकडं पाहिलं. पडवीत तुळजा गुडघ्यांत मान घालून बसली होती. साळूबाईनं चोपणं खाली टाकलं.

"बाई, रागानं न्हाई बोलत. पर एक सांगा. पुढल्या साली पोरगी पौडाला ठिवा म्हन्तासा. हितं देवीची वस्तू तुमास्नी कळंना, तितं माजी वस्तू कशी सांभाळशीला?"

फहमिदा उठली ती थेट गेणबाकडं. गेणबा भाताच्या कडेला पाखरं हाकत बसला होता. त्यानं तिला बसायला गोणपाट टाकलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, पानी काय शीव मानतंय व्हय? तिच्या रानातनं निघालं ते तिचं. ती जाऊ दील तितवर ते जानार. मदी अडकलं तर आमी वाट करून देतो, बस. उचलत न्हाई."

आणि मग फहमिदाला आठवलं. किती वेळा ती रत्नाबाईबरोबर तो उतार ओलांडून आली होती. डोक्यावर फाट्यांचा भारा असला तरी रत्नाबाई तिथं थांबायची, धोंड्यात अडकलेली फांदी काठीनं ढकलून पाण्याला लावायची आणि मग पुढं चालायची. दिवसभर सरपण शोधणारी बाई हे आयतं लाकूड सोडून देते, ते भिजलेलं असतं म्हणून, अशी फहमिदानं आपली समजूत करून घेतली होती. विचारलं कधीच नव्हतं.

"आता काय करायचं, गेणबादादा?"

"समद्या बिया गोळा करायच्या. तिच्या पायाशी ठिवायच्या. मी गाऱ्हानं घालतो, कौल घेतो. ती काय म्हनती बगू." मग बोट उगारून म्हणाला, "समद्या म्हंजी समद्या."

"एक पौडला आहे."

"मग पौडाला जावा."

दुपारच्या एसटीनं ती खाली उतरली. घरात रहिमतबी खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि गुडघ्यावर फडक्यात गुंडाळलेली गारंबीची बी होती.

"अम्मी, ती बी द्या."

"आत्ता तर तव्यावर गरम केलीय. थांब, निवू दे." रहिमतबींनी बी गुडघ्यावर फिरवली. "काय सांगू तुला, डॉक्टरच्या औषधानं जे झालं नाही ते हिनं झालं. ऊब अशी आतपर्यंत जाते. तू नोकरीला लागल्यापासून घरात एवढी एकच कामाची वस्तू आणलीस."

शब्बीर जेवायला आला होता. फहमिदानं दोघांना झालं ते सांगितलं. ऐकून शब्बीरनं ताट सरकवलं.

"एका बीपायी शाळा बंद पाडतात! कशाला राहायचं तिथं? पिरंगुटला कारखाने निघालेत, वस्ती वाढतेय, शाळेत शिक्षक कमी पडतायत. अर्ज कर, मी रफीकभाईला सांगतो, त्याची ओळख आहे. रोज संध्याकाळी घरी येशील. नाहीतर आहेच, तू तिथं आणि आम्ही इथं."

फहमिदानं त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं. तो खोटं बोलत नव्हता. आजच सकाळी रिकाम्या वर्गात बसून तिच्याही मनात पिरंगुट येऊन गेलं होतं.

रहिमतबींचा हात गुडघ्यावर थांबला होता. "कुणाची म्हणालीस ही?"

"त्यांच्या देवीच्या रानातली."

"आणि हे तू आज सांगतेस? दुसऱ्याची अमानत मी गुडघ्यावर घेऊन बसलेय इतके दिवस?"

"अम्मी," शब्बीर म्हणाला, "आपण कुठं त्यांची देवी मानतो?"

"मानत नाही म्हणून ठेवून घ्यायची? शेजारणीची वाटी राहिली तर ठेवून घेतोस का? तिचा देव कुठला, आधी हे विचारतोस का? ज्याची आहे त्याला गेली पाहिजे. हिशेब द्यायचा आहे तो वर अल्लाला द्यायचा आहे, पिरंगुटला नाही." त्यांनी बी धुऊन पुसली, शब्बीरच्या धुतलेल्या रुमालात बांधली. एका बाजूनं ती तव्यानं काळी पडली होती. "आणि हे बघ, भाजलीय म्हणून सांग त्यांना. लपवू नकोस."

परतीच्या गाडीत फहमिदानं रुमाल सोडून तो काळा डाग ओल्या पदरानं घासून पाहिला. तो जाईना. वाडीत पोचेपर्यंत तिनं ठरवलं, की कुणी विचारलं तर सांगायचं.

दुसऱ्या दिवशी वाडी देवराईत जमली. पोरंही होती, पण आयांच्या पदराला धरून. बाईंकडं कुणी बघत नव्हतं. बिया टोपलीत गोळा झाल्या. फहमिदानं रुमालासकट आपली त्यात ठेवली, चौकट बाजूला टेकवली.

गेणबा म्हणाला, "बाई, तुमी हात जोडू नगा. तुमचा देव तुमच्यापाशी. निस्त्या उब्या ऱ्हावा."

ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मनातल्या मनात तिनं आपल्या अल्लाकडं चुकीची माफी मागितली आणि या पोरांसाठी दुआ केली. देवीचा तांदळा होता, नाक-डोळ्यांविना नुसता दगड, शेंदरानं माखलेला. गेणबानं भाताचे ओले दाणे त्या दगडाच्या उजव्या-डाव्या खांद्याला चिकटवले. उजवा पडला तर देवी राजी, डावा पडला तर नाराज. त्यानं मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, की आई, लेकराच्या हातनं उचललं गेलं, लेकरानंच परत आणलं, पदरात घे.

दाणे जागचे हलले नाहीत.

लोक थांबले. दूर कुठंतरी शेकरू ओरडत होतं. गेणबानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तरी काही नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली.

गेणबा वळून म्हणाला, "कुनाच्या मनात काय ऱ्हायलं आसंल तर बोला."

कुणीही तिला विचारलं नव्हतं. फहमिदा पुढं झाली, तिनं टोपलीतला रुमाल सोडला आणि बी उलटी करून धरली.

"ही भाजलीय. माझ्या सासूबाईंनी तव्यावर गरम करून गुडघा शेकला. त्यांना ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्यांनीच परत दिली, आणि भाजलीय ते सांग म्हणाल्या."

 मग साळूबाईनं विचारलं, "गुडगा?"

"हो."

"मग पडला का उतार?"

"अम्मी म्हणतात पडला."

साळूबाईच्या पोटातून हसू आलं. तोंडाला पदर लावला तरी ते थांबेना. "आगं बाई! आमी जल्मभर हिच्या पायाशी ऱ्हाऊन गुडगं धरून बसलो, आन आईनं पौडाला जाऊन म्हातारीचा गुडगा चेपला!"

बायका हसल्या, मग बाप्ये. गेणबानं दटावलं, "ए, कौल चाललाय हितं," पण त्याच्याही मिश्या हलत होत्या. त्यानं वळून पाहिलं तर उजवा दाणा खाली पडलेला होता. कधी पडला ते कुणीच पाहिलं नाही. गेणबानं कपाळ टेकलं आणि म्हणाला, "राजी हाय."

बिया ज्याच्या त्याच्या हातानं ठेवायच्या, असं त्यानं सांगितलं. मग पोरं आयांचे पदर सोडून आत शिरली. कुणी वेलाच्या मुळाशी, कुणी पाचोळ्याखाली. तुळजा ती काळी बी घेऊन बाईंजवळ आली.

"बाई, ही भाजल्याली उगवंल का?"

"मला माहीत नाही. तुला काय वाटतं?"

"ही हितं ठिवू, आन तिच्या शेजारी चांगली ठिवू. मंग बगू कंची आदी येती."

बाकीची पोरं भोवती गोळा झाली. कंची येईल, कवा येईल, पानी किती लागंल, अशी त्यांची तिथंच हमरीतुमरी सुरू झाली. फहमिदा पाचोळ्यात बसली आणि तिनं हातानं थोडी माती उकरून दाखवली. वर्ग भरला होता, हे तिच्याही उशिरा ध्यानात आलं. गेणबा बाजूला काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "असं बगायला कवा बी या की. चपला तेवड्या भायेर काढा. बगू नगा आसं कोन म्हनलंय?"

निघताना साळूबाई तिच्याबरोबर उतारापर्यंत आली. पाण्यात एक वाळकी फांदी अडकली होती. फहमिदानं काठी घेतली आणि ती ढकलून वाहत्या पाण्याला लावली. साळूबाईनं ते पाहिलं आणि मगच पाऊल पुढं टाकलं.

"बाई, गाय अजून दूद देईना, बरं का."

"गुरांच्या डॉक्टरला दाखवू या का?"

"बगू." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "तुमची सासू रागीट हाय का?"

"आहे जरा. पण मनानं चांगली आहे."

"रागीट बरी. आसल्याच बाया घर संबाळत्यात. दिवाळीनंतर मी एकदा येते पौडाला. बसून बोलते तिच्याशी. मंग पोरीचं काय ते ठरवू." आपल्या शेताच्या बांधावर ती थांबली आणि निरगुडीचा पाला खुडून तिनं ओटीएवढा फहमिदाच्या पदरात घातला. "ह्यो वाफवून बांदाय सांगा गुडग्याला. आन भिऊ नगा, माज्या बांदावरचा हाय. देवीचा न्हाई."

घरी आल्यावर फहमिदानं खोलीकडं पाहिलं. सारवणाचा निम्मा भाग वाळून पांढरट झाला होता आणि मधोमध रेघ पडली होती. अर्ध्यावरून पुढं सारवलं तर जोड दिसतो, म्हणून तिनं सगळंच पुन्हा, भिंतीच्या कडेपासून सुरू केलं. ते दारापर्यंत आणेस्तोवर तुळजा आणि दोघी जणी येऊन उभ्या राहिल्या, ओल्या जमिनीवर पाय न देता हात लांब करून त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली आणि उद्या सकाळी शाळा झाडायची म्हणून ती आताच घेऊन गेल्या.

बदलीच्या अर्जाचं शब्बीरनं पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, ते तिनं अजून ठरवलं नव्हतं. निरगुडीचा पाला तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशेजारी गारव्याला ठेवला. शनिवारी शाळा सुटली की पौडची एसटी धरून तो सासूबाईंना पोचवायचा होता.